रिमास्टर की मूळ? एकाच अल्बमच्या दोन सीडी समोरासमोर कशा ऐकाव्यात

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एका गाजलेल्या रॉक अल्बमच्या दोन सीडी जमल्या. एक ऐंशीच्या दशकातली, दुमडलेल्या एका कागदावर गाण्यांची नावं छापून मोकळी झालेली. दुसरी नवी, जाड पुस्तिकेची, वर ठळक अक्षरांत ‘रिमास्टर्ड’, म्हणजे जुन्या टेपवरून आवाजाचा तोल नव्याने ठरवलेली. पहिल्या दहा सेकंदांत मी निकाल देऊन टाकला: नवी जिवंत, जुनी मरगळलेली. जुनी कपाटाच्या मागच्या रांगेत गेली. सहा-आठ महिन्यांनी दोन्ही संगणकावर उतरवल्या तेव्हा लक्षात आलं की नवी सीडी जवळजवळ सहा डेसिबल मोठ्याने वाजत होती. नवीचा आवाज तेवढा खाली आणला आणि पुन्हा ऐकलं, तर ड्रम कुठे गेले तेच कळेना. होते, पण पुठ्ठ्याच्या खोक्यावर थापा माराव्यात तसे. जुनीत तोच स्नेअर (ड्रमसंचातला खणखणीत वाजणारा छोटा ड्रम) कानाशी फटकन वाजत होता.

त्यानंतर दर वेळी जुनीच जिंकली असं मात्र नाही. काही अल्बमच्या पहिल्या सीडी खरोखरच भिकार आहेत आणि रिमास्टरने त्यांचं सोनं केलंय. ‘जुनं ते सोनं’ आणि ‘नवं ते चांगलं’ ही दोन्ही वाक्यं इथे सारखीच निरुपयोगी. प्रत्येक अल्बमची झडती वेगळी घ्यावी लागते. ती मी कशी घेतो ते पुढे सांगतो. लागणारी बहुतेक सॉफ्टवेअर फुकट मिळतात. एका अल्बमसाठी एक निवांत संध्याकाळ पुरते.

आधी हातातली वस्तू ओळखा

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. कव्हरवर छापलेल्या सालावर विसंबू नका. ते बहुतेक वेळा मूळ ध्वनिमुद्रणाच्या हक्काचं साल असतं. १९७१ चा अल्बम १९८६ मध्ये सीडीवर आला आणि २००३ मध्ये पुन्हा छापला, तरी मागे १९७१ च दिसू शकतं. उलट, नव्या कव्हरमध्ये जुनंच मास्टरिंग गुपचूप घातलेलं असतं, असंही मी पाहिलंय.

म्हणून सीडी उलटी करा आणि दिव्याखाली तिरकी धरा. मधल्या भोकाभोवतीच्या पट्ट्यावर बारीक अक्षरं-आकडे कोरलेले दिसतील. हा मॅट्रिक्स क्रमांक. त्यात कॅटलॉग क्रमांक असतो, पुष्कळदा कारखान्याची खूण असते. शेजारी ‘आयएफपीआय’ (ध्वनिमुद्रण कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) ही अक्षरं आणि एक छोटा कोड आहे का ते बघा. ही पद्धत १९९४ मध्ये सुरू झाली, त्यामुळे कोड असेल तर ती प्रत त्यानंतर छापलेली. कोड नसेल तर ती बहुधा आधीची, पण छातीठोक सांगता येत नाही, कारण सगळ्या कारखान्यांनी तो एकाच दिवशी सुरू केला नाही. ‘मेड इन वेस्ट जर्मनी’ असं छापलेलं असेल तर प्रश्नच मिटला, तो देशच १९९० नंतर उरला नाही. सीडी बाजारात आली ऑक्टोबर १९८२ मध्ये, जपानमध्ये, आणि सुरुवातीची काही वर्षं जगभरच्या सीडी जपान आणि पश्चिम जर्मनीतल्या मोजक्याच कारखान्यांत छापल्या जात. त्यामुळे अमेरिकन कंपनीच्या डब्यात जपानी किंवा जर्मन तबकडी सापडली तर दचकू नका. मॅट्रिक्स क्रमांक मिळाला की डिस्कॉग्ज या सीडी-तबकड्यांच्या ऑनलाइन सूचीवर तो ताडून बघता येतो.

आता शब्दांचा घोळ. अल्बमचं मिक्सिंग संपलं की दोन ट्रॅकची एक अंतिम टेप तयार होते. त्या टेपवरून सीडी किंवा एलपीसाठी आवाजाचा तोल, पातळी, गाण्यांमधली जागा ठरवणं म्हणजे मास्टरिंग. तेच काम नव्याने केलं की रिमास्टर. पण कोणी थेट मूळ मल्टिट्रॅक टेपपर्यंत (जिच्यावर प्रत्येक वाद्य वेगळं नोंदवलेलं असतं) मागे जाऊन प्रत्येक वाद्याची पातळी पुन्हा ठरवली, तर ते रिमिक्स. ते वेगळं काम आहे, आणि वेगळ्या कामाची तुलना रिमास्टरशी करू नये. पुस्तिकेत हा फरक दर वेळी स्पष्ट लिहिलेला असतोच असं नाही.

बीटल्सचं उदाहरण घ्या. १९८७ मध्ये त्यांचे अल्बम सीडीवर आले तेव्हा ‘हेल्प!’ आणि ‘रबर सोल’ यांचं त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी आधीच्याच वर्षी केलेलं नवं मिक्स वापरलं गेलं. २००९ च्या स्टिरिओ रिमास्टरमध्येही तेच मिक्स आहे. मूळ १९६५ चं स्टिरिओ मिक्स हवं असेल तर ते २००९ च्याच मोनो संचात सापडतं. मोनो संचात स्टिरिओ, हा विनोदच, पण खरा! झीझी टॉपच्या सुरुवातीच्या अल्बमना १९८७ च्या सीडी संचात ऐंशीच्या दशकाच्या थाटाचे घुमणारे ड्रम चढवले होते. इगी पॉपने १९९७ मध्ये ‘रॉ पॉवर’ स्वतः रिमिक्स केला आणि तो सहन होण्यापलीकडे मोठा करून ठेवला. ऑझी ऑस्बॉर्नच्या पहिल्या दोन अल्बमच्या २००२ च्या आवृत्तीत तर बेस आणि ड्रम दुसऱ्याच वादकांकडून नव्याने वाजवून घेतले होते. मूळ वादन २०११ मध्ये परत आलं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

रिप करा, पण नीट

प्लेअरमध्ये एक सीडी काढून दुसरी घालेपर्यंत कान पहिली विसरलेले असतात. बारीक फरकांची स्मरणशक्ती काही सेकंदांचीच असते. म्हणून दोन्ही सीडी संगणकावर उतरवून घ्या. यालाच रिप करणं म्हणतात. विंडोजवर त्यासाठी एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी (ईएसी), मॅकवर एक्सएलडी. फाइल फ्लॅक किंवा वेव्ह ठेवा, त्यांत आवाजातलं काहीच गाळलं जात नाही. या कामात एमपीथ्रीला जागा नाही. अ‍ॅक्युरेटरिप चालू असू द्या. तुमची रिप इतरांच्या रिपशी तंतोतंत जुळते का ते तो तपासतो. ओरखड्यामुळे आलेली खरखर मास्टरिंगच्या माथी मारायची नसेल तर हे हवंच.

रिप झाल्यावर जो लॉग मिळतो तो टाकून देऊ नका. त्यात प्रत्येक ट्रॅकचा पीक टक्क्यांत दिलेला असतो, म्हणजे त्या गाण्यातला सर्वांत उंच क्षण सीडीच्या कमाल मर्यादेच्या किती जवळ गेला. हे आकडे मास्टरिंगचे बोटांचे ठसे. दोन वेगळ्या देशांत, वेगळ्या साली छापलेल्या सीडींचे सगळ्या ट्रॅकचे पीक दशांशापर्यंत जुळले तर मास्टरिंग जवळजवळ नक्की एकच. मग पुढची झडती कशाला घ्यायची? मी एकदा तीन प्रती आणल्या आणि तिन्हींचे आकडे सारखे निघाले.

दुसरी गोष्ट, पीकचे आकडे गाण्यागणिक बदलतात का बघा. एक ६८.२, दुसरं ९१.५, तिसरं ७९ अशी विस्कटलेली मालिका असेल तर टेप बहुतेक आहे तशी उतरवलीय. सगळ्या गाण्यांवर एकच आकडा असेल, समजा ९८.९ टक्के, तर तिथे लिमिटर, म्हणजे ठरावीक पातळीच्या वरचे सुळके दाबणारं साधन, बसलाय. ९८.९ म्हणजे कमाल मर्यादेच्या ०.१ डेसिबल खाली आणि ९६.६ म्हणजे ०.३ डेसिबल खाली, या लिमिटरच्या आवडत्या जागा. लिमिटर दिसला म्हणजे गुन्हा झाला असं नाही. तो किती दाबलाय हे महत्त्वाचं, ते पुढे कळेल.

जुन्या सीडीचा पीक कमी दिसला की काहींना वाटतं आवाजाची प्रत वाया गेली. गणित करून पाहा. पीक ५० टक्के असेल तर ६ डेसिबल, म्हणजे सोळापैकी एक बिट रिकामा राहिला. सीडीची क्षमता सुमारे ९६ डेसिबल, आणि सत्तरच्या दशकातल्या टेपचा स्वतःचा सूं आवाज त्याच्या कितीतरी वर. एक बिट गेल्याने ऐकू येईल असं काहीच बिघडत नाही.

याच टप्प्यावर प्री-एम्फसिसची तपासणी उरकून घ्या, ही जुन्या सीडींची खास खोडी आहे. ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात, विशेषतः जपानमध्ये छापलेल्या काही सीडींवर वरचे स्वर मुद्दाम वाढवून नोंदवलेले असत. सीडीवरच्या एका खुणेवरून प्लेअर ते वाजवताना परत खाली आणे. बीटल्सच्या ‘अ‍ॅबी रोड’ची १९८३ ची जपानी सीडी या जातीची. प्लेअरमध्ये ती बरोबर वाजते, पण रिप करताना ही दुरुस्ती आपोआप होत नाही. फाइलमध्ये दहा हजार हर्ट्झला साडेसात डेसिबलच्या आसपास आणि अगदी वरच्या टोकाला साडेनऊ डेसिबल जास्तीचे राहतात. मग माणूस म्हणतो, ‘पहिली सीडी किती किरकिरी!’ ईएसीच्या यादीत ‘प्री-एम्फसिस’चा रकाना असतो, तिथे ‘होय’ दिसलं तर सॉक्स या फुकट साधनातला ‘डीएम्फ’ आदेश फाइलवर चालवा, मगच पुढे जा.

लांबी मोजा

दोन मिनिटांचं काम, पण कधीकधी मोठा मासा गळाला लागतो. दोन्ही सीडींच्या गाण्यांची लांबी शेजारी लिहा. गाण्याच्या शेवटचा शांततेचा तुकडा कमी-जास्त असतो, तो सोडून द्या; पहिल्या ठोक्यापासून एखाद्या ओळखीच्या ठोक्यापर्यंत मोजा. रोलिंग स्टोन्सचा ‘बेगर्स बँक्वेट’ तीस वर्षांहून जास्त काळ किंचित हळू वाजत राहिला, कारण मूळ मास्टरिंगच्या वेळी टेपचा वेग चुकला होता. २००२ च्या आवृत्तीत तो सुधारला आणि अख्खा अल्बम सुमारे अर्ध्या मिनिटाने आटोपला. द डोअर्सच्या पहिल्या अल्बमचाही वेग असाच घसरलेला होता, आणि तो २००७ च्या आवृत्तीत दुरुस्त झाला. वेग बदलला की स्वरही सरकतो. ‘नव्या सीडीत गायक जास्त तरतरीत वाटतो’ असं वाटलं तर इक्वलायझरला (खालचे-वरचे स्वर कमी-जास्त करणाऱ्या साधनाला) श्रेय देण्याआधी घड्याळ बघा.

कधी लांबी बदलण्याचं कारण निराळंच असतं. डायर स्ट्रेट्सचा ‘ब्रदर्स इन आर्म्स’ १९८५ मध्ये आला तेव्हा सीडीवरची काही गाणी एलपीपेक्षा लांब होती, एलपीवर तेवढी जागाच नव्हती. इथे मूळ कोणतं म्हणायचं, हा प्रश्न मी वाचकांवर सोडतो.

आकृती बघा, पण तिथेच निकाल देऊ नका

ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही सीडींतलं एकच गाणं वरखाली उघडा. जुन्यात साधारणपणे कंगव्याचे दात तुटल्यासारखी आकृती दिसते, मधूनमधून उंच सुळके, बाकी बुटकं. जोरकस रिमास्टरमध्ये सुळके नाहीसे होऊन एक सलग पट्टा दिसतो. आता एखाद्या ड्रमच्या ठोक्यावर इतकं मोठं करून बघा की एकेक नमुना (सॅम्पल, म्हणजे आवाजाची एकेक नोंद) ठिपक्यासारखा दिसेल. डोंगराचा माथा गोल असेल तर ठीक. पाच-दहा ठिपके एका सरळ रेषेत असतील तर माथा कापलाय. हा कापलेला माथा म्हणजेच माझ्या त्या पुठ्ठ्याच्या खोक्याचं कारण. ड्रमच्या ठोक्यातला पहिला फटका काही मिलिसेकंदांचा असतो. तोच कापला की मागे उरते ती फक्त घुमण.

आकडा हवा असेल तर फूबार २००० या विंडोजवरच्या प्लेअरमध्ये डीआर (डायनॅमिक रेंज) मीटर बसवा. तो गाण्यातल्या सर्वांत मोठ्या भागांची सरासरी पातळी आणि पीक यांच्यातलं अंतर काढतो. डीआर १३-१४ म्हणजे सुळक्यांना भरपूर जागा. डीआर ६ म्हणजे डोकं वर काढायची सोय नाही. मला हा आकडा सुरुवातीच्या चाळणीसाठी आवडतो, निकालासाठी नाही. टेपच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या नकलेवरून केलेली, गढूळ सीडीसुद्धा डीआर १३ दाखवू शकते. त्या आकड्याला गढूळपणा कळत नाही. आणि डीआर ११ वरून १० झाला म्हणून छाती पिटायचं कारण नाही. १३ वरून ७ वर आला तर मात्र कान टवकारा. सीडीची तुलना एलपीच्या रिपशी या आकड्यावरून करणं तर साफ चुकीचं. सुईवरून आलेल्या ध्वनीत पीक आपोआप उंचावतात आणि आकडा फुगतो.

एक युक्ती जादूसारखी वाटते म्हणून सांगतो. दोन फाइल अगदी एका नमुन्यावर जुळवा, पातळी सारखी करा, एकीची दिशा ऑडॅसिटीत ‘इन्व्हर्ट’ने उलटी करा आणि दोन्ही एकत्र मिसळा. पूर्ण शांतता आली तर मास्टरिंग एकच. फक्त ड्रमच्या ठोक्यांवर टिक्-टिक् उरली तर ‘रिमास्टर’ म्हणजे जुनंच काम, लिमिटर दाबून मोठं केलेलं. सगळं गाणं विचित्र ढवळून ऐकू आलं तर टेप वेगळ्याने पुन्हा वाजवून घेतलीय, किंवा इक्वलायझर फिरवलाय. शेवटच्या बाबतीत ही युक्ती याहून जास्त काही सांगत नाही.

पातळी समान करा: सगळा खेळ इथे आहे

माणसाच्या कानाची गंमत अशी की आवाज जरा मोठा झाला की तो ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो. बेस भरदार होतो, सिंबल चमकतात, खोली वाढते. कमी पातळीवर कान खालचे आणि वरचे स्वर मधल्यांपेक्षा कमी पकडतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. एका डेसिबलचा फरक असेल तर ‘हा मोठा आहे’ असं बहुतेकांना सांगता येणार नाही, पण पसंती मात्र त्याच बाजूला झुकेल. रिमास्टर आणि मूळ यांच्यात फरक पाच-सहा डेसिबलचा असतो. म्हणजे पातळी न जुळवता केलेली तुलना ही तुलनाच नव्हे.

फूबारमध्ये दोन्ही आवृत्त्यांवर रिप्लेगेन चालवा. गाणं किती मोठ्याने वाजतं ते मोजून पातळी किती वर-खाली करायची ते तो सांगतो. माझ्याकडच्या ऐंशीच्या दशकातल्या रॉक सीडींना तो शून्याच्या आसपास, अधिक-उणे दोन-तीन डेसिबल सुचवतो. दोन हजारनंतरच्या जोरकस रिमास्टरना उणे आठ, उणे नऊ. तुलनेसाठी ‘ट्रॅक गेन’ निवडा, ‘अल्बम गेन’ नको. आणि नियम असा की मोठी सीडी खाली आणायची, लहान वर चढवायची नाही. वर चढवायला गेलात तर जुन्या सीडीचे सुळके छताला आपटतील आणि तुम्हीच तिचं रिमास्टर करून बसाल.

एवढ्यावर थांबलं तरी चालतं, पण मी आणखी एक करतो. दोन सीडींचा इक्वलायझर वेगळा असला तर एका आकड्याने अख्ख्या गाण्याची पातळी जुळत नाही. नव्या सीडीत बेस वाढवला असेल तर मापन तो मोजतं आणि गाणं जरुरीपेक्षा जास्त खाली ओढतं. मग गायकाचा आवाज मागे गेल्यासारखा वाटतो. म्हणून वीस-तीस सेकंदांचा, ज्यात गाणं शांतपणे चाललंय असा एक कडव्याचा तुकडा निवडा. रिप्लेगेनने जुळवलेल्या पातळीवर तो दोन्हींत ऐका आणि गायकाचा आवाज दोन्हीकडे तितकाच जवळ वाटेपर्यंत अर्धा-अर्धा डेसिबल सरकवा. ते एकदा जमलं की तो आकडा लिहून ठेवा आणि त्या अल्बमसाठी पुन्हा बदलू नका. मध्येच ‘जरा वाढवून बघू’ म्हणालात की पहिल्यापासून सुरुवात.

कान कुठे लावायचे

अख्खं गाणं ऐकून ‘हे जास्त आवडलं’ म्हणणं सोपं, पण त्यातून हाती काही लागत नाही. दहा-पंधरा सेकंदांचे तुकडे घ्या आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारा.

पहिला तुकडा, स्नेअर. ड्रमर एकटा किंवा जवळजवळ एकटा वाजवतोय अशी जागा शोधा. काठी कातड्याला लागते तो क्षण आणि त्यानंतर खोलीत पसरणारा आवाज, हे दोन वेगळे ऐकू येतात का? दाबलेल्या मास्टरिंगमध्ये ठोका आणि खोली एकमेकांत मिसळतात, खोली ठोक्याइतकीच मोठी होते. त्याच ठिकाणी किक ड्रमही (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) बघा. किक पडला की गिटार क्षणभर मागे ओढल्यासारखी होते का? होत असेल तर लिमिटर हापसतोय, म्हणजे पंपासारखा आवाज वरखाली करतोय. एकदा हे ऐकायची सवय लागली की मग सुटत नाही, हा धोकाही आधीच सांगून ठेवतो.

दुसरा तुकडा माझा सर्वांत लाडका: गाण्याचा शेवट. फेडआउट होताना टेपचा सूं आवाज ऐका. हेडफोन लावा, पातळी थोडी वाढवा, शेवटची तार विरते तिथे थांबा. मूळ सीडीवर बहुधा गिटार विरत जाते, मग नुसता सूं राहतो, मग तोही हळूच बुडतो. नव्या सीडीवर गिटार विरता विरता अचानक मखमलीत गुंडाळल्यासारखी होते, सूं नाहीच आणि घुमणीची शेपटी छाटलेली. असं असेल तर नॉइज रिडक्शन फिरवलंय. सूं गेला म्हणून आनंद मानू नका. त्याच पट्टीत सिंबलची हवा आणि श्वासाचा आवाजही राहतो, आणि सूं एकटा जात नाही. या बाबतीत बीटल्सच्या २००९ च्या संचाने संयम ठेवला. एकूण ५२५ मिनिटांपैकी पाच मिनिटांहून कमी भागावरच हा उपाय वापरला गेला. मात्र स्टिरिओ सीडींवर तीन-चार डेसिबलचं लिमिटिंग आहे, मोनो सीडींवर नाही. एकाच प्रकल्पातल्या दोन संचांत केवढा फरक पडतो, त्याचा हा वस्तुपाठ.

तिसरा, गायकाचे ‘स’ आणि ‘श’. दातांतून शिट्टी आल्यासारखे वाटले तर तीन ते आठ हजार हर्ट्झच्या पट्टीत चढवलंय. पहिल्या पाच मिनिटांत हीच गोष्ट ‘स्पष्टता’ वाटते आणि चाळिसाव्या मिनिटाला डोकं दुखतं. याचा तपास तुकड्यांत होत नाही, त्यासाठी एका संध्याकाळी एक सीडी पूर्ण ऐका. दुसरी दुसऱ्या दिवशी. कुठली मधेच बंद करावीशी वाटली, हे ज्ञानसुद्धा मोलाचं आहे.

बेससाठी एकच कसोटी: बेसची चाल गुणगुणता येते का? नुसती घरघर वाढली असेल तर बेस वाढवलाय, चाल सुटी ऐकू येत असेल तर बहुधा चांगली टेप वापरलीय. स्टिरिओची रुंदी, डाव्या-उजव्याची अदलाबदल, एखाद्या चॅनेलचा आवाज मधेच पडणं, हे एकदा हेडफोनवर तपासून पुढे जा.

डोळे झाका

इथवर आलात तर मत बनलेलं असणारच. आता ते मत खरं की पुस्तिकेच्या जाडीमुळे, ते बघा. फूबारमधला एबीएक्स घटक बसवा. तो ए आणि बी या दोन ओळखीच्या फाइल देतो आणि एक्स ही त्यांपैकी कुठली ते लपवून ठेवतो. तुम्ही ओळखायचं. सोळा फेऱ्या करा. सोळापैकी बारा बरोबर आले तर नुसत्या नशिबाने तसं होण्याची शक्यता शंभरात चारच्या आतबाहेर असते, म्हणजे तुम्हाला बहुधा खरोखर फरक ऐकू येतोय. आठ-नऊ आले तर नाणं उडवलंत असं समजा. दोन्ही फाइल एकाच जागी सुरू होतील अशा कापून घ्या. सुरुवातीचा अर्धा सेकंद मागेपुढे असला तर कान तेवढ्यावरूनच ओळखतात आणि परीक्षा वाया जाते.

मूळ आणि रिमास्टर यांतला फरक सहसा इतका ढोबळ असतो की सोळापैकी सोळा येतात. एबीएक्सचा खरा उपयोग दोन रिमास्टर किंवा दोन जुन्या प्रेसिंगच्या वेळी होतो. त्यावर लोक तासन् तास भांडतात आणि पीकचे आकडे मात्र सारखे असतात.

एबीएक्स फरक आहे का ते सांगतं, बरं कुठलं ते नाही. त्यासाठी घरातल्या कोणाला तरी फाइलींची नावं ‘एक’ आणि ‘दोन’ करायला सांगा, कुठली कुठली ते त्यांनाच माहीत असू द्या. आठवडाभर ऐका आणि मग निवडा. माझ्या घरी हे काम करणारी व्यक्ती रॉक ऐकत नाही, त्यामुळे चेहऱ्यावरून काही कळायची सोय नाही. उत्तम परीक्षक.

कोण कधी जिंकतं

नियम नाही, पण कल समजून घेता येतो. पहिल्या सीडी काढताना बऱ्याच कंपन्यांनी हाताला लागली ती टेप वापरली, कधी एलपीसाठी मुद्दाम इक्वलाइझ केलेली, कधी परदेशी शाखेला पाठवलेली नक्कल. अशा वेळी खरी पहिल्या पिढीची टेप शोधून केलेलं रिमास्टर हमखास बाजी मारतं. किंग क्रिम्सनच्या पहिल्या अल्बमची पहिल्या पिढीची स्टिरिओ टेप हरवली असं वर्षानुवर्षं मानलं जात होतं. ती सापडल्यावर २००४ मध्ये निघालेल्या सीडीपुढे आधीच्या सगळ्या धुक्यातून ऐकल्यासारख्या वाटतात. म्हणून पुस्तिकेत ‘मूळ टेपवरून’ एवढंच न वाचता कुठली टेप, कोणी, कुठल्या स्टुडिओत, ते लिहिलंय का बघा.

दुसरीकडे, ज्यांच्या पहिल्या सीडी चांगल्या टेपवरून, फारशी ढवळाढवळ न करता निघाल्या, त्यांच्या पुढच्या आवृत्त्या सहसा फक्त मोठ्या होत गेल्या. लेड झेपेलिनचं वर्गीकरण मी असं करतो: ऐंशीच्या दशकातल्या पहिल्या सीडी, ज्यांतल्या बऱ्याच बॅरी डायमेंट यांनी मास्टर केल्या; १९९० च्या संचापासून बँडचा गिटारवादक जिमी पेज आणि जॉर्ज मरिनो यांनी केलेल्या; आणि २०१४ पासून पेज आणि जॉन डेव्हिस यांच्या. एकाच अल्बमचे तीन स्वभाव आहेत, आणि तिन्हींना आपापले चाहते आहेत. रोलिंग स्टोन्सच्या सत्तरच्या दशकातल्या अल्बमच्या १९९४ च्या बॉब लडविग यांच्या सीडी माझ्या कपाटात राहिल्या. २००९ च्या सीडी पातळी जुळवल्यावर मला सपाट वाटल्या आणि कपाटातून गेल्या. म्हणजे रिमास्टरला हरवलं ते दुसऱ्या रिमास्टरनेच.

निकाल लागला की मी सीडीच्या डब्यात कव्हरच्या मागे एक चिठ्ठी घालतो: मॅट्रिक्स क्रमांक, तीन-चार ट्रॅकचे पीक, डीआर, पातळी जुळवायला लागलेले डेसिबल, आणि एका ओळीत कानाचं मत. परवा त्या सुरुवातीच्या सीडीतली चिठ्ठी निघाली. त्यावर फक्त ‘उणे ६.१, नवीत स्नेअर मेला’ एवढंच लिहिलं होतं.